नंबर नको, पाऊल मोजा

शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात बुटांच्या कुठल्याही दुकानात थोडा वेळ उभं राहिलं, की तीच वाक्यं कानावर पडतात. ‘गेल्या वर्षी बारा नंबर होता, आता तेरा द्या.’ ‘जरा वाढत्या अंगाचेच दाखवा, वर्षभर गेले पाहिजेत.’ ‘दहा वर्षांच्या मुलीला कुठला बसेल हो?’ दुकानदार अंगठ्याने बुटाचं टोक दाबतो, आई ‘लागतंय का?’ असं विचारते आणि मूल ‘नाही’ म्हणून मोकळं होतं. त्याचा जीव टाचेला लाल दिवे लागणाऱ्या शेजारच्या बुटांत अडकलेला असतो. पाच मिनिटांत व्यवहार आटोपतो आणि पाऊल मोजायचं राहूनच जातं.

मुलांच्या उंचीच्या खुणा आपण दाराच्या चौकटीवर करतो, वजन लसीकरणाच्या कार्डावर नोंदवतो. पावलाच्या वाट्याला मात्र अंदाजच येतो, आणि तो दोन बाबतींत हमखास चुकतो. एक म्हणजे पाऊल वर्षाला किती वाढतं, आणि दुसरी म्हणजे मुलीचं पाऊल केव्हा वाढतं आणि मुलग्याचं केव्हा.

मूल तक्रार का करत नाही

मोठ्या माणसाच्या पावलात २६ हाडं असतात. तान्ह्या बाळाच्या पावलात त्यांतली बरीचशी अजून हाडं झालेली नसतात, ती मऊ कूर्चाच असतात. कमानीच्या आतल्या बाजूचं नौकास्थी हे हाड तर साधारण तिसऱ्या वर्षाच्या आसपास घट्ट व्हायला लागतं, मुलींमध्ये मुलग्यांपेक्षा आधी. वरून चरबीची गादी असते. असं पाऊल तोकड्या बुटात दुखत नाही, ते निमूटपणे दुमडून बसतं. म्हणून ‘लागतंय का?’ या प्रश्नाच्या उत्तराला सहा-सात वर्षांपर्यंत फारसा अर्थ नाही.

ऑस्ट्रियात बालवाडीच्या वयाच्या ८५८ मुलांचे पाय आणि बूट मोजले गेले, तेव्हा निम्म्याहून कितीतरी जास्त मुलांचे बूट तोकडे निघाले. बूट जितका तोकडा, तितका अंगठा करंगळीच्या दिशेला जास्त कललेला, असंही त्यात दिसलं. ही मुलं काही घरी येऊन रडत नव्हती, त्यांचे आईवडीलही निष्काळजी नव्हते. मोजल्याशिवाय हे कळतच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

वाढीचं वेळापत्रक

जन्माच्या वेळी पाऊल साडेसात-आठ सेंटिमीटरचं असतं. पुढचा वेग थक्क करणारा आहे. अमेरिकेत बोस्टन इथे अँडरसन, ब्लेस आणि ग्रीन या संशोधकांनी मुलांची पावलं वर्षानुवर्षं मोजून १९५६ साली जी माहिती प्रसिद्ध केली, ती आजही अस्थिरोगतज्ज्ञ वापरतात. मुलीचं पाऊल पहिल्या वाढदिवसाच्या सुमाराला आणि मुलग्याचं दीड वर्षाच्या सुमाराला आपल्या अंतिम लांबीच्या निम्मं झालेलं असतं. उंचीला हा निम्मा टप्पा गाठायला याहून बराच जास्त वेळ लागतो.

चालायला लागल्यापासून तीन वर्षांपर्यंत पाऊल वर्षाला साधारण दीड सेंटिमीटर वाढतं. मग वेग उतरतो, आणि पाच वर्षांनंतर तो वर्षाला सुमारे नऊ मिलिमीटरवर येऊन बराच काळ तिथेच राहतो. या मधल्या वर्षांत मुलगा आणि मुलगी यांच्या पावलांच्या सरासरी लांबीत सांगण्यासारखा फरक नसतो. सात वर्षांच्या जुळ्या बहीण-भावांत कुणाचं पाऊल मोठं असेल, हे मुलगा की मुलगी यावरून ओळखता येत नाही.

फरक पडतो तो त्यानंतर. मुलींची वयात येण्याची सुरुवात आधी होते आणि त्यात पाऊल उंचीच्याही पुढे धावतं. त्यामुळे दहा-अकरा वर्षांची मुलगी शेलाटी, लहानखुरी, पण पावलं एकदम मोठी, असं दिसतं. घरातल्या बायका ‘केवढी गं पावलं तुझी!’ म्हणतात, मुलगी पाय आखडून बसायला शिकते आणि दुकानात मुद्दाम लहान नंबर मागते. तिला एवढंच सांगावं, की पाऊल आधी वाढलंय, उंची मागून येतेय. शिवाय ही वाढ लवकर थांबतेही. बारा-तेरा वर्षांच्या पुढे बहुतेक मुलींच्या पावलांत फारशी भर पडत नाही. मुलगे याच काळात उशिरा सुरुवात करतात आणि चौदा ते सोळापर्यंत वाढत राहतात. शेवटी त्यांचं पाऊल सरासरीने दोन सेंटिमीटरच्या आसपास लांब भरतं.

हे परदेशातले आकडे आपल्याला कितपत लागू, अशी शंका घेणाऱ्यांसाठी आता घरचा दाखला आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरात ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांची पावलं त्रिमितीय स्कॅनर लावून मोजली. मुलींच्या पावलांची वाढ अकराव्या वर्षाच्या सुमाराला शिगेला पोचते आणि मुलग्यांची पंधरा-सोळाव्या वर्षी, असं त्यातून पुढे आलं. दुसरी गोष्ट पुष्कळांना न मोजताही ठाऊक होती, ती म्हणजे आपली पावलं युरोपी-अमेरिकी पावलांपेक्षा रुंद असतात. आपण वापरतो ते नंबर इंग्रजांचे. चवड्याला बूट आवळतो म्हणून आपण एक नंबर मोठा घेतो, मग तो टाचेला निसटतो, मग नाडी करकचून बांधतो. या मोजमापांवरून संस्थेने ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धती सुचवली आणि ती मान्यतेसाठी भारतीय मानक ब्यूरोकडे गेली. त्यात मुलांसाठी चार ते सहा, सात ते अकरा असे वयाचे गट धरले आहेत. पण अकराच्या पुढे मुली बारा-तेरा आणि मुलगे बारा ते चौदा असे गट वेगळे केले आहेत, हे लक्षात घेण्यासारखं आहे. वाट तिथेच फुटते.

घरी मोजायचं कसं

दुकानातली धातूची पट्टी चांगलीच, पण ती आता शोधावी लागते. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूस गावच्या चार्ल्स ब्रॅनॉकने १९२० च्या दशकात बनवलेलं ते उपकरण तीन मापं घेतं: टाचेपासून बोटापर्यंतची लांबी, टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंतची लांबी आणि रुंदी. घरी आपल्याला यातली पहिली आणि तिसरी नीट घेता येतात. त्यासाठी कागद, पेन्सिल, फूटपट्टी आणि कंपासपेटीतला गुण्या पुरतो.

वेळ संध्याकाळची ठेवावी, दिवसभर खेळून पावलं किंचित फुगलेली असतात. फरशी कडक हवी. सतरंजीवर किंवा गादीवर माप चुकतं. कागद फरशीला चिकटपट्टीने लावायचा, नाहीतर मूल त्याच्यासकट सरकतं. आता टाच भिंतीला टेकवायची, असं सगळीकडे सांगतात. पण थेट भिंतीला टाच लावून उभं राहिलं की पार्श्वभाग भिंतीला अडतो, अंग पुढे झुकतं आणि भार सगळा चवड्यावर येतो. त्यापेक्षा भिंत आणि टाच यांच्यामध्ये एक जाड शब्दकोश उभा ठेवावा. कागदाची कड शब्दकोशाला भिडलेली, टाच शब्दकोशाला टेकलेली, पाठ मोकळी. मूल दोन्ही पायांवर सारखा भार देऊन, समोर बघत उभं राहिलं पाहिजे. ‘बघ, कसं मोजतेय मी’ म्हटलं की ते खाली वाकतं आणि माप बदलतं. म्हणून समोर दुसऱ्या कुणीतरी बोलत राहावं. बसून घेतलेलं माप चालत नाही, कारण भार पडल्यावर पाऊल पसरतं आणि काही मिलिमीटरने लांबतं.

मग गुण्याची काटकोनी बाजू कागदावर उभी धरून सगळ्यांत पुढच्या बोटाला अलगद टेकवायची आणि तिथे खूण करायची. पेन्सिल तिरकी धरून पावलाभोवती रेघ ओढली, तर ती कधी बोटाखाली शिरते, कधी बाहेर जाते, आणि तीन-चार मिलिमीटर तिथेच हरवतात. सगळ्यांत पुढचं बोट अंगठाच असेल असं नाही. पुष्कळांचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं. अशी मुलगी पुढे नवऱ्याला धाकात ठेवते, असं आपल्याकडे म्हणतात; ते खरंखोटं काहीही असो, बूट त्या बोटाच्या मापाने घ्यायचा एवढं नक्की.

रुंदीसाठी अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूला आणि करंगळीच्या मुळाशी बाहेरच्या बाजूला जे हाड पुढे आलेलं हाताला लागतं, तिथे दोन खुणा करून त्यांच्यातलं अंतर मोजायचं. तिथूनच शिंप्याची टेप चवड्याभोवती गुंडाळून घेर घेतला, तर पाऊल जाडीला कसं आहे तेही कळतं. ही सगळी मापं दोन्ही पावलांची घ्यायची. दोन्ही पावलं तंतोतंत सारखी क्वचितच असतात, आणि बूट मोठ्या पावलाच्या मापाने घ्यायचा असतो. प्रत्येक माप दोनदा घ्यावं. तीन मिलिमीटरहून जास्त तफावत आली, तर मूल हललं असं समजून पुन्हा घ्यावं. दीड-दोन वर्षांचं मूल असं उभं राहणार नाही. त्याला एकाने हात धरून उभं करावं, दुसऱ्याने पटकन दोन खुणा कराव्यात.

वहीत तारीख, डावं-उजवं, लांबी, रुंदी अशी एक ओळ लिहायची. नंबर लिहू नये, कारण नंबर पावलाचा नसतो, बुटाचा असतो, आणि तो कंपनीगणिक बदलतो.

मापाचा नंबर कसा करायचा

समजा, संध्याकाळी मोजल्यावर मुलीचं डावं पाऊल २१.४ सेंटिमीटर आणि उजवं २१.८ भरलं. उजवं धरायचं. त्यात बोटांपुढच्या मोकळ्या जागेचा एक सेंटिमीटर मिळवला, की बुटाची आतली लांबी २२.८ झाली. युरोपी पद्धतीत एक नंबर म्हणजे दोन-तृतीयांश सेंटिमीटर. म्हणून २२.८ ला दीडने गुणायचं, ३४.२ येतात, नंबर ३४. इंग्रजी पद्धतीत एक नंबर म्हणजे एक-तृतीयांश इंच, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर. मुलांचे नंबर चार इंचांवर शून्य धरून तेरापर्यंत जातात आणि तेरानंतर पुन्हा एकपासून सुरू होतात. म्हणून मुलांचा दोन आणि मोठ्यांचा दोन यांत घोळ होतो. वरच्या मापाला हा दुसरा, मोठ्यांचा दोन नंबर येतो. ऑनलाइन मागवताना तक्त्यात दिलेली लांबी पावलाची आहे की बुटाच्या आतली, हे आधी वाचावं. अर्ध्याअधिक परत पाठवण्या याच एका ओळीमुळे होत असाव्यात.

हे गणित दुकानापर्यंत पोचवतं, पण शेवटची परीक्षा बुटातच घ्यायची. टोक दाबून बघण्याची सवय सोडावी. बाहेरून बोट लागलं की मूल आत बोटं आखडून घेतं. त्याऐवजी बुटातला सुकतळा बाहेर काढावा, जमिनीवर ठेवावा आणि त्यावर मुलाला शाळेचे मोजे घालून उभं करावं. टाच मागच्या कडेला नेमकी बसली पाहिजे. मग पुढे किती जागा उरते आणि चवडा कडेच्या बाहेर सांडतो का, हे दोन्ही डोळ्यांना सरळ दिसतं. सुकतळा निघत नसेल, तर पावलाच्या लांबीत एक सेंटिमीटर मिळवून पुठ्ठ्याची बोटभर रुंद पट्टी कापून न्यावी. ती बुटात सपाट बसली तर लांबी पुरते, वाकली तर नाही.

वाढत्या अंगाचे घ्यावेत का

कपड्यांच्या बाबतीत ही काटकसर शहाणपणाची आहे. शर्टाची बाही दुमडता येते. बूट दुमडता येत नाही. बूट एका ठरावीक जागी वाकावा म्हणून बनवलेला असतो आणि ती जागा चवड्याच्या सांध्याखाली यावी लागते. दोन नंबर मोठा बूट घेतला की तो सतरा मिलिमीटर लांब झाला. वाकण्याची जागा बोटांखाली सरकली. टोकाला कापूस कोंबल्याने पाऊल पुढे सरकायचं थांबतं, वाकण्याची जागा काही बदलत नाही. मूल मग बोटांनी बूट पकडून चालतं, ठेचकाळतं, टाचेला फोड येतात.

जागा हवीच, पण मोजून. जूनमध्ये दहा-बारा मिलिमीटर मोकळे ठेवून घेतलेला बूट वर्षाला नऊ मिलिमीटर वाढणाऱ्या मुलाला मार्चपर्यंत जेमतेम पुरतो. म्हणून दिवाळीच्या सुटीत एकदा मोजावं. पुढची जागा पाच मिलिमीटरच्या खाली गेली असेल, तर बूट बदलावा, दिसायला तो कितीही नवा असो. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला जूनचा बूट दिवाळीपर्यंतही टिकेल याची खात्री नाही. त्याचं पाऊल दर दोन-तीन महिन्यांनी बघावं, आणि त्याच्यासाठी महागाचे बूट घेऊ नयेत. घरात तर त्याला अनवाणीच राहू द्यावं.

मुलगी नऊ वर्षांची झाली की माप दर तीन-चार महिन्यांनी घ्यायला लागावं. बारा-तेराव्या वर्षी लागोपाठ दोन मापं सारखी आली, तर आता वाढीसाठी मोठी जागा सोडायची गरज नाही. आठ-दहा मिलिमीटर पुरे, आणि चांगल्या प्रतीचा बूट घ्यायला हीच वेळ. मुलग्याच्या बाबतीत हा सगळा कार्यक्रम दोन-तीन वर्षं पुढे ढकलायचा. तेराव्या वर्षी त्याला ‘आता मोठा झाला’ म्हणून महागाचे स्पोर्ट्स शूज घेऊन देणारे पालक सहा महिन्यांत हळहळतात.

आकारातला फरक

लांबी सारखी असली, तरी मुलींचं पाऊल सरासरीने किंचित अरुंद आणि पाठीवर कमी उंच असतं, मुलग्यांचं भरलेलं. पण ही सरासरी आहे. रुंद पावलाच्या मुली आणि निमुळत्या पावलाचे मुलगे घरोघरी आहेत. त्यामुळे दुकानातलं ‘मुलींचं’ आणि ‘मुलांचं’ कपाट हे मापाचं कपाट समजू नये. रुंद पावलाच्या मुलीला मुलग्यांच्या फळीवरचा साधा काळा बूट नीट बसत असेल, तर तोच घ्यावा. भावाचे बूट बहिणीला चालतील का, हा प्रश्नही खरं तर मुलगा-मुलगीचा नाही. जुन्या बुटाचा तळ एका बाजूने झिजला असेल, तर तो कुणालाच देऊ नये. फारसा वापरलेला नसेल आणि सुकतळ्याच्या परीक्षेत उतरला, तर खुशाल द्यावा.

कमानीबद्दल घरात सगळ्यांत जास्त काळजी केली जाते आणि तिथेच ती सगळ्यांत कमी लागते. लहान मुलांची पावलं सपाट दिसतात, कारण कमानीत चरबी असते. व्हिएन्नात ३ ते ६ वर्षांच्या ८३५ मुलांची पाहणी झाली, तेव्हा सपाट पावलांचं प्रमाण मुलग्यांत ५२ टक्के आणि मुलींत ३६ टक्के होतं. तिसऱ्या वर्षी निम्म्याहून जास्त मुलांत दिसणारं हे लक्षण सहाव्या वर्षी एक-चतुर्थांशावर आलं होतं. म्हणजे मुलग्यांची कमान थोडी मागून येते, एवढंच. आपल्याकडे राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून १९९२ साली दाखवलं, की बूट-चपला वापरणाऱ्या मुलांत सपाट पावलं ८.६ टक्के होती आणि अनवाणी वावरणाऱ्यांत अवघी २.८ टक्के. मुलाला चवड्यावर उभं करून बघावं. कमान उमटली आणि दुखत नसेल, तर कमान वर उचलणारे महागडे सोल घेण्याची घाई करू नये.

डॉक्टरांकडे जायचं ते वेगळ्या कारणांसाठी: पाऊल किंवा टाच दुखते, मूल लंगडतं, चवड्यावर उभं राहूनही कमान येत नाही, तीन वर्षांनंतरही ते सतत चवड्यावर चालतं, किंवा दोन पावलांतला फरक प्रत्येक मापागणिक वाढत चालला आहे. अशा वेळी तुमची ती वही बरोबर न्यावी.

शाळांना मात्र एक विनंती आहे. गणवेशाच्या यादीत कित्येक शाळा मुलग्यांना नाडीचे बूट आणि मुलींना निमुळत्या टोकाची, वरून उघडी बेली लिहून देतात. पाऊल झपाट्याने वाढण्याच्या, नऊ ते बारा या वर्षांत मुलींनी असा बूट दिवसाचे सहा-सात तास घालायचा, याला काही कारण नाही. ‘काळा, पुढून रुंद, नाडीचा किंवा पट्टीचा बूट’ एवढंच दोघांसाठी लिहावं. यंदाच्या पालक-शिक्षक संघाच्या पहिल्या बैठकीत हा विषय कुणीतरी काढा.